शांत डेटाबेस आणि त्याची वॉल : घरगुती पोस्टग्रेसची प्रगती-नोंद

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीची प्रायमरी (जिथे लिहिले जाते तो मुख्य सर्व्हर) आणि स्टँडबाय (त्याची मागोमाग अद्ययावत होणारी प्रत) यांच्यात स्ट्रीमिंग रेप्लिकेशन, म्हणजे बदल सतत पाठवत राहणे, सुरू झाले, तिथे मागची नोंद थांबली होती. ही त्यापुढच्या सहा आठवड्यांची नोंद आहे. मांडणीत बदल नाही : एका जुन्या लॅपटॉपवर पोस्टग्रेस १६ची प्रायमरी, त्याहून जुन्या लॅपटॉपवर स्टँडबाय, आणि तिसऱ्या छोट्या मशीनवर वॉलचे (प्रत्येक बदल आधी जिथे लिहिला जातो त्या नोंदवहीचे) आर्काइव्ह, दर रविवारचा बेस बॅकअप (संपूर्ण डेटाबेसची प्रत) आणि देखरेखीसाठी प्रॉमिथियस. डेटाबेस छायाचित्रांच्या सूचीचा आहे, साधारण ६ जीबीचा, आणि त्यात लिहिले फार कमी जाते. एखाद्या संध्याकाळी दोनशे-तीनशे ओळी, मग दोन-दोन दिवस काहीच नाही. या संथपणाला मी आजवर सोय समजत होतो. मात्र या सहा आठवड्यांत जे काही अडले, त्यातले बहुतेक त्याच्याचमुळे अडले.

दुसरा आठवडा

एका अल्बमचे नाव दुरुस्त करताना एडिटरमध्ये क्वेरीच्या पहिल्या दोनच ओळी निवडल्या गेल्या आणि कोणत्या ओळी बदलायच्या ते सांगणारी व्हेअरची तिसरी ओळ बाहेर राहिली. उत्तरात ‘अपडेट १’ दिसायला हवे होते, तिथे ‘अपडेट ३११८’ दिसले. एडिटरमध्ये ऑटो-कमिट चालू होते, म्हणजे बदल लगेच कायम झाला. सवयीने स्टँडबाय उघडून पाहिला, तर तिथेही सगळ्या अल्बमांचे नाव एकच झालेले होते. रेप्लिकेशनने आपले काम चोख बजावले होते.

मग आर्काइव्हकडे वळलो. पीजी-स्टॅट-आर्काइव्हर या व्ह्यूमध्ये फसलेल्या प्रयत्नांची संख्या शून्य होती, त्यामुळे जरा हायसे वाटले. पण शेजारच्याच रकान्यात शेवटची फाइल आदल्या दिवशी दुपारी गेल्याचे दिसत होते. कारण सोपे आहे, पण मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. वॉलची एक फाइल मुळात १६ एमबीची असते आणि ती पूर्ण भरल्याशिवाय आर्काइव्ह कमांडला हाकच जात नाही. ज्या सर्व्हरवर मिनिटाला दहा फाइल भरतात तिथे हा प्रश्न कुणाला पडत नाही. माझ्याकडे एक फाइल भरायला दीड दिवस लागतो, म्हणजे माझे आर्काइव्ह कायम तितकेच मागे असते आणि तरीही कुठेही चूक म्हणून नोंद होत नाही. प्रायमरीची डिस्क शाबूत होती, म्हणून पीजी-स्विच-वॉल चालवून अर्धवट फाइल तिथल्या तिथे बंद केली आणि ती आर्काइव्हमध्ये गेल्याची खात्री करून घेतली.

रिस्टोअर तिसऱ्या मशीनवर केले. रविवारचा बेस बॅकअप वेगळ्या डिरेक्टरीत उघडला, रिस्टोअर कमांड लिहिली, रिकामी रिकव्हरी-डॉट-सिग्नल फाइल ठेवली (आवृत्ती १२पासून रिकव्हरी-डॉट-कॉन्फ राहिलेली नाही, तरीही जुनी टिपणे वाचून तीच फाइल बनवणारे पुष्कळ आहेत) आणि आर्काइव्ह मोड आठवणीने बंद केला, जेणेकरून ही तात्पुरती प्रत चुकूनही त्याच आर्काइव्हमध्ये लिहिणार नाही. प्रश्न होता तो थांबायचे कुठे याचा. चुकीच्या अपडेटच्या जेमतेम मिनिटभर आधी मी काही ओळी बरोबर भरल्या होत्या आणि त्या गमवायच्या नव्हत्या, त्यामुळे वेळेचे लक्ष्य देणे मला धोक्याचे वाटले. त्याऐवजी वॉल उलगडून दाखवणाऱ्या पीजी-वॉलडंपने शेवटची फाइल वाचली. पडद्यावर हीप-अपडेटच्या, म्हणजे टेबलातली ओळ बदलल्याच्या, नोंदींची लांबच लांब रांग, सगळ्यांवर एकच व्यवहार क्रमांक, आणि शेवटी ९ वाजून ४२ मिनिटांचा कमिट (व्यवहार कायम झाल्याची खूण). एवढा मोठा लोंढा दुसऱ्या कशाचा असणे शक्यच नव्हते. तो क्रमांक रिकव्हरीचे लक्ष्य म्हणून दिला आणि ‘इन्क्लुझिव्ह’ बंद ठेवले, म्हणजे त्या कमिटच्या अगदी अलीकडे रिकव्हरी थांबेल.

चार मिनिटांत ती थांबली. लक्ष्य गाठल्यावर पोस्टग्रेस, वेगळे काही सांगितले नसेल तर, केवळ विराम घेतो आणि हॉट स्टँडबाय ही सेटिंग चालू असेल तर त्या अवस्थेत डेटा वाचू देतो, ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण लक्ष्य चुकले आहे असे दिसले तर पुढचे लक्ष्य देऊन पुन्हा सुरू करता येते. एकदा प्रमोट केले (प्रतीला स्वतंत्र, लिहिता येणारा सर्व्हर बनवले) की ती वाट बंद होते. मी प्रमोट केलेच नाही. विरामात असलेल्या प्रतीवरून पीजी-डंपने तेवढे एक टेबल काढले, प्रायमरीवर वेगळ्या स्कीमामध्ये आणले आणि फक्त नावाचा रकाना परत भरला. सगळे मिळून सव्वा तास गेला आणि त्यातला मोठा भाग माझ्या वाचण्याचा होता.

तिसरा आणि चौथा आठवडा

आर्काइव्ह टाइमआउट पाच मिनिटांवर आणला. आता फाइल भरली नसली तरी पाच मिनिटांनी ती बदलली जाते. मात्र मधल्या काळात काहीच लिहिले गेले नसेल तर बदलली जात नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्यामुळे एक अडचण राहिली : शेवटची फाइल सहा तासांपूर्वी गेली असे दिसले, तर डेटाबेस शांत आहे की आर्काइव्ह बंद पडले आहे हे केवळ त्या आकड्यावरून कळत नाही.

नेमका हाच घोळ रेप्लिकेशनच्या अलार्ममध्ये होता. आताच्या वेळेतून स्टँडबायवर शेवटी लागू झालेल्या व्यवहाराची वेळ वजा करायची, हे सूत्र मी वापरत होतो. प्रायमरीवर रात्रभर काही घडले नाही की सकाळी सात तासांचा ‘विलंब’ दिसतो आणि फोन वाजतो. यावर नेहमी सांगितला जाणारा उपाय असा, की स्टँडबायला मिळालेली आणि त्याने लागू केलेली वॉलची जागा एकच असेल तर विलंब शून्य धरावा. हा उपाय मला पटला नाही. मधली जोडणी तुटली तरी मिळालेले सगळे लागू झालेलेच असते, आणि मग तुटलेले रेप्लिकेशन शून्य विलंब दाखवत सुखाने बसून राहते.

म्हणून एका ओळीचे ‘ठोका’ नावाचे टेबल बनवले आणि दर मिनिटाला त्यातली वेळ अपडेट करणारे काम प्रायमरीवर लावले. स्टँडबायवर ती ओळ वाचली की विलंब थेट कळतो, आणि सतत काहीतरी लिहिले जात असल्यामुळे आर्काइव्हच्या वयालाही अर्थ येतो. फसलेल्या कामाची वाट पाहण्यापेक्षा शेवटच्या यशस्वी कामाचे वय मोजणे मला आता अधिक भरवशाचे वाटते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या प्रायमरीवरची डेटा डिरेक्टरी चुकून पुसली गेली, तेव्हा पीजी-डंपचे बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे आधीपासूनच फसत होते आणि त्याची सूचना देणारे मेल नाकारले जात होते, असे त्यांनी स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केले आहे. चूक कळवणारा मेल पोचला नाही तर चूक नाही, असा आपला समज होऊन बसतो. त्यामुळे माझा अलार्म प्रायमरीवर नाही. तिसरे मशीन आर्काइव्हच्या डिरेक्टरीत आलेल्या सर्वांत नव्या फाइलचे वय स्वतः मोजते.

पाचवा आठवडा

ठोक्याचा हिशेब मी केला नव्हता. दर मिनिटाला लेखन आणि पाच मिनिटांचा टाइमआउट, म्हणजे दिवसाला २८८ फाइल, प्रत्येकी १६ एमबी, एकूण साडेचार जीबी. एका ओळीच्या टेबलासाठी. आर्काइव्हमध्ये याचा त्रास होत नाही, कारण आवृत्ती ११पासून अशा अर्धवट फाइलचा उरलेला भाग शून्यांनी भरला जातो आणि झेड-स्टँडर्ड या कॉम्प्रेशनने दाबल्यावर ती काही किलोबाइटमध्ये मावते. प्रायमरीवर मात्र प्रत्येक फाइल पूर्ण १६ एमबीची असते.

त्यातच स्टँडबायचा पंखा खराब झाला आणि तो लॅपटॉप चार दिवस बंद राहिला. रेप्लिकेशन स्लॉट (स्टँडबायने कुठवर घेतले याची प्रायमरीवरची खूण) असल्यामुळे प्रायमरी त्याच्यासाठी एकही वॉल फाइल काढून टाकेना. चौथ्या दिवशी पीजी-वॉल डिरेक्टरी १८ जीबी झाली आणि ३२ जीबीच्या पार्टिशनवर ७० टक्क्यांचा अलार्म वाजला. तो वाजला नसता तर आणखी दीड-दोन दिवसांत डिस्क भरून प्रायमरीच बंद पडली असती, आणि तेही बंद असलेल्या लॅपटॉपच्या प्रतीक्षेत.

आवृत्ती १३पासून स्लॉटसाठी किती वॉल राखायची याला मर्यादा घालता येते, पण मुळात ती अमर्याद असते. मी आधी ८ जीबीची मर्यादा घातली आणि नंतर स्लॉटच काढून टाकला. स्टँडबायला आर्काइव्हमधून वाचणारी रिस्टोअर कमांड आहेच. हवी ती फाइल प्रायमरीवर उरली नसेल तर तो आर्काइव्हमधून घेतो आणि बरोबरीला आला की पुन्हा स्ट्रीमिंगवर जातो. पंखा बदलल्यावर तसेच झाले. लॉगमध्ये मागितलेली फाइल काढून टाकल्याची तक्रार आली, पाठोपाठ आर्काइव्हमधून फाइल आल्याच्या ओळींची रांग लागली, आणि अर्ध्या तासात ठोक्याचा विलंब एका सेकंदाखाली आला. आर्काइव्ह नसलेल्यांनी मात्र स्लॉट ठेवावा आणि मर्यादा पहिल्याच दिवशी घालावी.

सध्याची स्थिती

ठोका मिनिटाचाच ठेवला आहे, टाइमआउट दहा मिनिटांवर नेला आहे आणि आर्काइव्हचे वय वीस मिनिटांपलीकडे गेले की फोन वाजतो. म्हणजे डिस्क मेली तर आर्काइव्हच्या हिशेबाने दहा-बारा मिनिटांचे काम जाईल, आणि एवढे मला चालते. सिंक्रोनस रेप्लिकेशन (स्टँडबायची पोच येईपर्यंत कमिट थांबवणे) मी विचारपूर्वक टाळले; एकच स्टँडबाय असताना तो बंद पडला की प्रायमरीवरचे कमिट अडकून राहतात, आणि माझ्या स्टँडबायच्या पंख्याची कहाणी वर आलीच आहे.

पुढच्या टप्प्यात स्टँडबायला प्रमोट करून जुन्या प्रायमरीला पीजी-रिवाइंडने मागे आणून त्याच्यामागे जोडायचे आहे. त्यासाठी लागणारे डेटा चेकसम (डेटा बिघडला नाही ना हे तपासणारे आकडे) क्लस्टर बनवतानाच चालू केले होते. ते काम रविवारचा बेस बॅकअप झाल्यावर हाती घेईन, आणि त्याआधी तो बॅकअप पीजी-व्हेरिफाय-बॅकअपने तपासून घेईन.