मालवणच्या पाण्यातला तंगूस, आणि कापायला सोबत काय न्यावं

फेब्रुवारीत आम्ही पुण्याचे काही मित्र मालवणला डायव्हिंगला जाऊन आलो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे खडक, तिथले मासे आणि प्रवाळ यांच्यावर बरंच लिहिलं गेलंय. हा वृत्तांत मुख्यतः कापण्याच्या साधनांबद्दल आहे, कारण आमच्या प्रत्येकाकडे वेगळं साधन होतं आणि सगळी एकाच पाण्यात कामाला लागली. हात धरून खाली नेतात तो पर्यटकांचा डाइव्ह करणार असाल, तर यातलं काही लागणार नाही. सर्टिफिकेट घेऊन बडीबरोबर (म्हणजे जोडीदार डायव्हरबरोबर) स्वतः उतरणाऱ्यांनी मात्र वाचावं.

मालवण हे मासेमारीचं बंदर. त्यामुळे खडकांवर जाळ्यांचे तुकडे, गळाच्या दोऱ्या, तुटलेले दोर अडकलेले असतात. यातला सगळ्यात त्रासदायक म्हणजे तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची बारीक दोरी. नायलॉन पाण्यापेक्षा जड, म्हणून तो तळाशी बसतो आणि पाण्यात जवळजवळ दिसत नाही. पॉलिप्रॉपिलीनचा दोर उलट तरंगतो. एक टोक खडकात अडकलेलं असेल तर तो खालून वर उभा राहतो आणि थेट पाठीवरच्या हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हपाशी येतो. व्हिजिबिलिटी, म्हणजे पाण्यात दिसण्याचं अंतर, चार-पाच मीटर असेल तर दोन्ही उशिरा दिसतात.

दुसऱ्या दिवशी किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला, साधारण दहा मीटरवर, माझ्या बडीच्या टाकीमागे तंगूस अडकला. त्याने केलं ते अगदी बरोबर: जागच्या जागी थांबला, मला खूण केली आणि हवेचा गेज पाहिला. अशा वेळी वळून मागे पाहायची इच्छा होते, पण वळलं की दोरी आणखी गुंडाळते. मी मागून गेलो, दोरी बोटांनी चाचपली आणि होज (हवेच्या नळ्या) कुठे आहेत ते आधी पाहून घेतलं. माझ्या पट्ट्यावर खाचेचा कटर होता, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणात आत पातं असलेला. दोरी खाचेत घालून ओढली की तुटते. दोन ठिकाणी कापली आणि तो मोकळा झाला.

बोटीवर आल्यावर आमच्या डाइव्हमास्टर (आम्हाला पाण्याखाली नेणारे मार्गदर्शक) दादांनी एका मित्राचा मोठा चाकू हातात घेतला. सैल तंगुसावर तो नुसता घसरत होता. दादांचं घराणं मासेमारीचं. ते एवढंच म्हणाले, "आधी ताणा, मगे कापा." पाण्याखाली एका हाताने ताणायचं आणि दुसऱ्याने कापायचं म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, आणि नेमके तेच मिळत नाहीत. खाचेच्या कटरमध्ये दोरी आपोआप ताणली जाते. माझ्या मते पहिलं साधन हेच असावं.

आता गंजाबद्दल. दुकानात "स्टेनलेस" शब्द वाचून समाधान मानू नका. स्टेनलेस पोलाद टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर भरून यायला ऑक्सिजन लागतो. समुद्राच्या पाण्यातला क्लोराइड थर फोडतो. म्यानाच्या आत, स्क्रूखाली, कात्रीच्या रिव्हेटमध्ये पाणी साचून राहतं, तिथे ऑक्सिजन कमी, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. वरून चकचकीत दिसणारं पातं मुठीच्या आत खड्डे पडून खाल्लेलं असू शकतं. म्हणून ज्या चाकूची मूठ उघडून धुता येत नाही, तो मी घेणार नाही.

धातूंमध्ये तडजोड आहेच. 420 सारखं पोलाद कडक करता येतं, म्हणून धार धरतं, पण गंजतं. 304 आणि 316 कमी गंजतात, त्यातही 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते अधिक टिकतं. पण ही दोन्ही पोलादं उष्णता देऊन कडक होत नाहीत, त्यामुळे धार लवकर बोथट होते. टायटॅनियम समुद्रात गंजत नाही, हलकं असतं, होकायंत्रावर परिणाम करत नाही. फक्त त्याची धार मऊ, म्हणून करवती दात असलेलंच घ्यावं. एच-1 आणि एलसी200एन या पोलादांत कार्बन कमी ठेवून नायट्रोजन घातलेला असतो. ती खाऱ्या पाण्यात फार टिकतात, धारही बरी देतात, पण किंमत जास्त. सिरॅमिक गंजत नाही, मात्र खडकावर आपटलं की तुकडा उडतो.

पैसे मोजून एकच भारी चाकू घेण्यापेक्षा दोन स्वस्त आणि वेगळ्या प्रकारची साधनं घ्या, असं माझं ठाम मत झालं. पहिला, पाती बदलता येणारा खाचेचा कटर. पातं गंजलं तर नवं घाला. त्यात अमर पोलाद शोधायची गरज नाही. दुसरी, अँब्युलन्समधली बोथट टोकाची कात्री. ती जाड दोर आणि गळाची पातळ तारही कापते, जिथे खाचेचा कटर अडतो. तिचा रिव्हेट गंजतो हे गृहीत धरा आणि प्रत्येक डाइव्हआधी उघडमीट करून पाहा. टोकदार चाकूची मला गरज वाटली नाही; बडीच्या होजजवळ टोक नकोच.

पोटरीला चाकू बांधायची जुनी पद्धत सोडा. फिनमध्ये (पायातल्या वल्ह्यात) दोरी अडकली तर पोटरीपर्यंत हात पोचेलच असं नाही, शिवाय म्यानातही दोरी अडकते. एक साधन कमरेच्या पट्ट्यावर समोर आणि दुसरं छातीच्या पट्ट्यावर, दोन्ही कुठल्याही हाताने काढता येतील असं ठेवा. किनाऱ्यावर डोळे मिटून काढून पाहा, मग उतरा.

परतल्यावर तासभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, बिजागरी हलवा, म्यानाबाहेर सावलीत वाळवा, सांध्यांना सिलिकॉन ग्रीस लावा. ओलं पातं म्यानात घालून पुण्याला आणणं म्हणजे ते फुकट घालवणं.

एक गोष्ट मनापासून सांगतो. बोया लावलेलं जाळं दिसलं तर ते कोणाचं तरी पोट आहे. लांबून वळसा घाला. टाकून दिलेलं जाळं प्रवाळावर अडकलेलं असेल तर ओढू नका, जागा लक्षात ठेवून डाइव्हमास्टरला सांगा. इथला काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि जाळी काढणं हे वेगळ्या प्रशिक्षणाचं काम आहे.

रेल्वेने कुडाळला उतरून मालवणला जाणं सोयीचं. विमानाने गेलात तर कटर आणि कात्री चेक-इन बॅगेत टाका, केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. बदलायची पाती घरूनच घेऊन निघा. पावसाळ्यात तिथलं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा बेत ऑक्टोबर ते मे दरम्यानचाच करा.