बांध दोन फुटांचा, उलटे निघाले गट

दावा बांध कोरल्याचा होता. शेजाऱ्याने दर नांगरटीला वीत वीत घेत दोन फुटांचा पट्टा आपल्यात ओढला, असं माझ्या अशिलांचं म्हणणं. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टात असे दावे पोत्याने पडलेत. नावं लिहीत नाही. माझे अशील आप्पा, शेजारी तात्या. दोघांचे बाप एका तालमीतले, ही दोघं मात्र एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नव्हती.

हद्दीचा वाद साक्षीपुराव्याने मिटत नाही. कोर्टाने भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांना कमिशनर, म्हणजे कोर्टातर्फे मोजणी करून अहवाल देणारा, नेमलं, आम्ही मोजणीची फी भरली आणि नोटिशीतल्या तारखेला सगळे शेतात हजर झालो. भूकरमापक तरुण होता, हातात रोव्हर, उपग्रहाच्या मदतीने मोजणी करायचं यंत्र. तासाभरात आटपेल असं वाटलं. पण गडी दोन्ही रानांना वळसा घालून आला, जुन्या मोजणीचं टिपण काढलं, गट नकाशा फिरवून फिरवून पाहिला आणि आम्हा दोन्ही वकिलांना म्हणाला, "साहेब, बांधाचं नंतर बघू. इथं गटच उलटे आहेत."

आप्पांच्या सातबाऱ्यावरचा गट तात्या कसत होते आणि तात्यांचा आप्पा. १९४७ च्या कायद्याखाली गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तेव्हा कागदावर ही अदलाबदल झालेली. रानातून कुणीच हललं नाही. बापाने जिथं औत धरलं तिथंच पोरांनी धरलं.

आप्पांनी कर्ज काढून पाडलेली विहीरही आता तात्यांच्या गटात निघाली. तिची नोंद मात्र आप्पांच्याच सातबाऱ्यावर. नोंद घालताना नकाशा ताडून बघतो कोण?

"म्हंजी हीर बी त्याची?" आप्पांनी मला विचारलं.

तात्या हसले. मग भूकरमापकाने त्यांना सांगितलं की त्यांची ठिबकवरची डाळिंबाची बाग आप्पांच्या गटात आहे. हसू तिथंच जिरलं.

एकत्रीकरणाच्या दुरुस्तीचा अर्ज इतक्या वर्षांनी टिकणं अवघड. विरुद्ध कब्जाचे, म्हणजे वर्षानुवर्षांच्या ताब्यावरून मालकी मागणारे, दावे दोघांनी एकमेकांवर ठोकले असते तर माझी नि समोरच्या वकिलांची सोय झाली असती, त्यांची नाही. एरवीचं अदलाबदलीचं खत करावं तर जास्त किमतीच्या जमिनीवर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क. सुदैवाने नेमकी अशाच प्रकरणांसाठी सलोखा योजना आहे. जानेवारी २०२३ चा शासन निर्णय. शेतजमिनीचा ताबा किमान १२ वर्षं एकमेकांकडे असला, तलाठी आणि मंडळ अधिकाऱ्यांनी तसा पंचनामा केला, तर १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी, एवढ्यात काम होतं. दोन्ही क्षेत्रांत फरक असला तरी आडकाठी नाही.

आडकाठी तात्यांची होती. कागदावरचा त्यांचा गट ७ गुंठ्यांनी मोठा निघाला. आहे त्या ताब्याप्रमाणे अदलाबदल केली तर ते ७ गुंठे आप्पांकडे जाणार. मोजणीच्या सकाळपर्यंत तात्यांना त्या ७ गुंठ्यांचा पत्ताही नव्हता, रानात त्यांचं ढेकूळभरही कमी होणार नव्हतं. तरी "माझं सात गुंठं" हे पालुपद काही सुटेना. मला यात लोभ दिसला नाही. नकाशावर बोट ठेवून कुणी "हे तुमचं" म्हटलं की ते सोडताना जीव तुटतो, इतकंच.

दस्तावर सातबाऱ्यावरच्या सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. तात्यांच्या बहिणीचं नाव वारसाने लागलेलं, म्हणून तिला पुण्याहून बोलावलं. तिने माझ्या ऑफिसात सगळं ऐकून घेतलं आणि भावाला विचारलं, "दादा, दुष्काळात तुझी बाग कुणाच्या पाण्यावर जगली?"

पाणी आप्पांच्या विहिरीचं होतं. भांडणाच्या आधीचं, तोंडी बोलीवरचं. दाव्यात ना त्यांच्या वकिलांनी ते लिहिलं होतं, ना मला आप्पांनी सांगितलं होतं. तिथून बोलणं गुंठ्यांवरून पाण्यावर आलं आणि खडाजंगी होऊन का होईना, ठरलं. गुंठे आप्पांकडे, आणि विहिरीवर आठवड्यातून दोन पाळ्या तात्यांच्या, वीजबिलाच्या वाट्यासह. हे मी दस्तात घालू दिलं नाही. दस्त योजनेच्या चौकटीत साधा ठेवला आणि पाण्याच्या अटी लोकअदालतीतल्या तडजोडीत लिहिल्या. तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही. उद्या मोटर बंद पडली की "आमचं तसं ठरलंच नव्हतं" म्हणायची सोय ठेवायची नव्हती.

आप्पांच्या सातबाऱ्यावर गावच्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा होता. त्याची ना-हरकत आणण्यात पंचनाम्यापेक्षा जास्त दिवस गेले. दस्त झाला, फेरफार झाला.

मूळ दोन फुटांचं म्हणाल तर ते फूटभर निघाले. तात्या तेवढे मागे सरले, दगडांचा खर्च निम्मा निम्मा. लोकअदालतीत दावा मिटला म्हणून कोर्ट फी परत मिळणार, असं मी सांगितलं तेव्हा आप्पांनी लगेच विचारलं, "आन् मोजणीची?"

ती मिळत नाही. मग तीही तात्यांनी निम्मी भरावी म्हणून कोर्टाच्या व्हरांड्यात पुन्हा आवाज चढले, आणि मी पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला म्हणून आत गेलो.