पान कुठं सुरू होतं ते आधी बघा

बेळगावजवळच्या खानापूरकडच्या रानात नाव विचारून झाड ओळखायला गेलं की गोंधळच जास्त होतो. मराठी माणूस ज्याला ऐन म्हणतो तेच कन्नड बोलणाऱ्याचं मत्ती, आणि काजऱ्याला तो कासरक म्हणतो. फुलं-फळं वर्षातून थोडे दिवस दिसतात. पान मात्र बरेच महिने हाताशी असतं, आणि ते फांदीवर कसं बसलंय एवढ्यावरून निम्मं काम होतं.

पण पान म्हणजे कुठून कुठपर्यंत? इथंच बहुतेकजण चुकतात. आपल्याकडे ऊस लावणाऱ्याला पेर (जिथून पान फुटतं तो सांधा) आणि डोळा (जिथून नवा कोंब फुटतो ती कळी) शिकवावा लागत नाही. झाडालाही तसंच असतं. देठाच्या बेचक्यात डोळा असेल तर तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. पळसाची तीन पानं ही खरं तर एकाच पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे पानाचे सुटे भाग; त्यांच्या बुडाशी डोळा सापडत नाही. आवळा उलटा फसवतो. दिसतो चिंचेसारखा, पण त्याची ती बारकी काडी म्हणजे फांदीच, कारण तिच्यावरच्या इवल्या पानांच्या बेचक्यात फुलं येतात.

हे ठरलं की मगच मांडणी बघायची: पेरावर एकच पान (एकाआड एक), दोन (समोरासमोर) की तीन-चार मिळून चक्र. सातविणीत चार ते सात सुटी पानं एका पेरावर गोल बसतात आणि तोडली की दूध येतं. काटेसावरीची पाच-सात बोटं एकाच लांब देठाच्या टोकाला असतात, म्हणजे ते एकच पान. लांबून दोन्ही सारखीच वाटतात.

शेंड्याकडची पेरं दाटलेली असतात, तिथं सगळंच चक्रासारखं दिसतं. म्हणून शेंड्याखालचा हातभर सरळ भाग बघा. आडव्या फांदीवर पानं उजेडाकडे देठ पिळून एका पातळीत येतात, तेव्हा पान न बघता देठाचा सांधा बघा. ऐन तर धड कुठल्याच खान्यात बसत नाही, त्याची पानं जेमतेम समोरासमोर असतात. तिथं पान उलटून बुडाजवळच्या मधल्या शिरेवर चामखिळीसारख्या गाठी शोधा आणि खोडाची सुसरीच्या पाठीसारखी साल बघा. गाठी किंजळीच्या झाडालाही असतात, त्यामुळे साल सोडून चालत नाही.

समोरासमोर पानं आणि काटे, म्हणजे बहुधा करवंद किंवा गेळा. करवंदाचा काटा बहुधा दुभंगलेला आणि पान तोडलं की दूध. गेळ्याला दूध नाही. उन्हाळ्यात जून पानातून दूध कमी येतं, कोवळा शेंडा मोडून बघावा. दुधाचा हात डोळ्यांना लावू नये.

सगळ्यात जपून राहायचं ते काजरा आणि रानातली दालचिनी यांच्यात. दोन्हींची पानं चकचकीत, साधारण समोरासमोर, आणि बुडाकडून निघालेल्या तीन ठळक शिरा. काजऱ्याच्या शिरा कधी पाचही असतात आणि पान रुंद, गोलसर. दालचिनीचं लांबट, कोवळेपणी लालसर. खात्री करायची ती चुरगळून: दालचिनीचा वास लपत नाही, काजऱ्याला तो नाही. चव घेऊन बघायचं नाव काढू नका. काजऱ्यात स्ट्रिक्नीन हे जहाल विष असतं, बियांत तर भरपूर.

पावसाळ्यात रस्त्याकडेला टाकळा आणि कासविंदा शेजारी उगवतात. दोघांचं पान संयुक्त, म्हणजे पर्णिकांचं बनलेलं. टाकळ्याला पर्णिकांच्या बहुधा तीनच जोड्या, टोकाकडे रुंद आणि बोथट. खालच्या जोडीच्या मध्ये एक बारीक उभी गाठ. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोकदार, आणि गाठ देठाच्या अगदी बुडाशी. भाजी टाकळ्याची, तीही कोवळी. शेंगेवरून खात्री करू म्हणून थांबलात तर पानं जून झालेली असतात.