डार्गोच्या चढावर तीन यूट: लॉकर घ्यावा की एलएसडी?

डार्गो हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं डोंगराळ भागातलं गाव, मेलबर्नहून सुमारे 300 किलोमीटर. प्रिन्सेस हायवेने स्ट्रॅटफर्डपर्यंत यायचं आणि तिथून उत्तरेला वळायचं. डार्गोत डिझेल महाग आहे, तरी टाकी काठोकाठ भरा, कारण पुढे डोंगरात पंप नाही आणि लो रेंजमध्ये, म्हणजे चढासाठीच्या जास्त जोराच्या, कमी वेगाच्या गिअरमध्ये, गाडी डिझेल ढोसते. गाव सोडलं की फोनही गप्प होतो, त्यामुळे गाड्यांनी आपसात बोलायला यूएचएफ रेडिओ हवाच. अवघड ट्रॅकपैकी बरेचसे जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या लाँग वीकेंडनंतर बंद होतात ते ऑक्टोबर अखेरपर्यंत. पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर बघूनच निघा.

आम्ही उन्हाळा सरता सरता गेलो. ट्रॅक कोरडे, धूळ भरपूर. गाड्या तीन, तिन्ही यूट, म्हणजे मागे सामानाची जागा असलेल्या पिकअप, आणि तिन्हींचे मागचे डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरचा संच) तीन तऱ्हांचे. माझी 2016 ची हायलक्स, मागे कंपनीचाच इलेक्ट्रिक लॉक, म्हणजे बटण दाबलं की दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉकर. मित्राची जुन्या पिढीची डी-मॅक्स, पुढे-मागे दोन्हीकडे एआरबी कंपनीचे एअर लॉकर, म्हणजे हवेच्या दाबाने लागणारे. आणि मित्राच्या शेजारच्या, साठी ओलांडलेल्या आजोबांची निसान पॅट्रोल जीयू यूट, मागे कंपनीचा एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफ, म्हणजे चाकाचं मोकाट फिरणं काही प्रमाणात रोखणारा), ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे लाड नाहीत. इथल्या मराठी घरांत नवी यूट आली की पहिल्या पार्टीत हाच वाद निघतो, लॉकर बसवू की एलएसडी. तो वाद चहाच्या कपावर मिटत नाही, बिली गोट ब्लफ या चढाच्या ट्रॅकवर मात्र लगेच मिटतो.

हा ट्रॅक वोनंगाटा नदीच्या खोऱ्यातून थेट पिनॅकल्सच्या टेहळणी मनोऱ्याकडे चढतो. पायथ्याशी थांबून टायरची हवा कमी करा. आम्ही 38 पीएसआयवरून 20 वर आलो. एवढ्यानेच निम्मं काम होतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. ट्रॅकवर पावसाचं पाणी बाजूला काढायला मातीचे बांध घातलेत. गाड्यांनी ते उकरून वाकडेतिकडे झालेत, आणि खरी परीक्षा तिथेच होते. एका बांधावर माझं पुढचं डावं चाक अधांतरी गेलं, मागचं उजवं जेमतेम टेकलेलं. गाडी लंगड्या चौरंगासारखी डुगडुगायला लागली.

आता डिफ काय करतो ते बघा. साधा, म्हणजे ओपन डिफ, दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. अधांतरी चाकाला फिरायला काहीच जोर लागत नाही, म्हणून त्याच्या जोडीच्या, जमिनीत घट्ट रोवलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य टॉर्क मिळतो. पुढच्या आणि मागच्या डिफची एकाच वेळी हीच गत झाली की फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही गाडी जागच्या जागी. ट्रॅक्शन कंट्रोल मोकाट फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि डिफला फसवतं. खडखड आवाज करत, थांबत-थबकत, गाडी पुढे सरकते. पण त्यासाठी चाक आधी फिरावं लागतं, आणि फिरणारं चाक ट्रॅक उकरतं. लॉकर दोन्ही अर्धे अॅक्सल एकत्र बांधतो, मग ज्या चाकाला पकड आहे ते गाडी ओढतं. मी बांधाच्या अलीकडे थांबून मागचा लॉक लावला, दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वाट पाहिली, आणि गाडी चालण्याच्या वेगात वर निघून गेली.

एक गोष्ट मात्र विक्रेते आपणहून सांगत नाहीत. माझ्या हायलक्समध्ये मागचा लॉक लावला की ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या चाकांसाठीही बंद होतं. म्हणजे मागे पक्का लॉक आणि पुढे निव्वळ ओपन डिफ. काही बांधांवर लॉकशिवाय, नुसत्या ट्रॅक्शन कंट्रोलवर गाडी जास्त सुरळीत चढली. सगळ्या गाड्यांत असं नसतं, त्यामुळे आपल्या मॉडेलचं मॅन्युअल उघडून तेवढं पान वाचा. मगच बाहेरचा लॉकर घ्यायचा की नाही ते ठरवा.

पॅट्रोलवाल्या आजोबांची गंमत वेगळी. पुढे-मागे सलग अॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा, आणि लांब कॉइल स्प्रिंग, त्यामुळे चाकं जमीन सोडतच नव्हती. आणि चाक जमिनीवर राहिलं की एलएसडीला पुरतं. त्याच्यातल्या क्लच प्लेटा थोडा टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे ढकलतात. एके ठिकाणी मागचं चाक उचललंच, तेव्हा त्यांनी डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबून धरला आणि उजव्याने अॅक्सिलरेटर. ब्रेकमुळे मोकळ्या चाकावर भार आला, प्लेटा आवळल्या आणि गाडी चढली. पण प्लेटा झिजतात. जुनी गाडी घेताना ‘एलएसडी आहे’ म्हणून भुलू नका, झिजलेला एलएसडी ओपन डिफसारखाच वागतो. तेलही एलएसडीचंच घाला, नाहीतर वळणावर कुरकुरतो. गिअरवाला हेलिकल प्रकार, म्हणजे ट्रूट्रॅक, प्लेटांशिवाय चालतो आणि टिकतो. चाक पूर्ण हवेत गेलं की तोही हात टेकतो, तिथे पुन्हा तीच ब्रेकची युक्ती.

दुसऱ्या दिवशी डार्गो हाय प्लेन्स रोडवरून ब्लू रॅगला. कड्याच्या धारेवरून जाणारा, 1718 मीटरवरच्या ट्रिग पॉइंटला, म्हणजे सर्वेक्षणाच्या खुणेच्या शिखराला, संपणारा ट्रॅक. आलात त्याच वाटेने परत. समोरून गाडी आली तर धारेवर मागे सरकायची पाळी येते, म्हणून चढण्याआधी रेडिओवर विचारा, वर कोणी आहे का. सुरुवातीच्या चढावर सुटे दगड आणि खोल पायऱ्या पडल्यात. इथे डी-मॅक्सचा पुढचा लॉकर कामी आला. आजच्या यूटमध्ये पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडेंट, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलणारं असतं, त्याची हालचाल कमी, म्हणून पुढचं चाक लवकर उचलतं. मी दोनदा मागे येऊन वेगळी रेघ धरली, मित्र दोन्ही बटणं दाबून सरळ गेला. पण पुढचा लॉक लागला की स्टिअरिंग दगडासारखं जड होतं आणि गाडी वळत नाही. चाकं पूर्ण वळवून जोर दिला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे वळणाऱ्या चाकापर्यंत जोर नेणारा सांधा, जातो. म्हणून पायरी ओलांडली की लगेच सोडायचा, आणि उतारावर लावायचाच नाही.

त्याच्या लॉकरची कटकटही ऐका. मागचा लॉक लावलेला असताना कॉम्प्रेसर दर मिनिटाला घरघरत होता. बॉनेट उघडलं, जोडांवर साबणाचं पाणी टाकलं, तर एका जोडाशी बुडबुडे. बसवणाऱ्या गॅरेजने नळी नीट कापलीच नव्हती. टोक काटकोनात कापून परत खोचलं, आवाज थांबला. एअर लॉकर घेणार असाल तर धारदार ब्लेड आणि जादा जोड गाडीत ठेवा. फायदा असा की त्याच कॉम्प्रेसरने टायरही भरता येतात. इलेक्ट्रिक लॉकरला नळ्यांची भानगड नाही.

डेट्रॉइट लॉकर किंवा लोक्का हे आपोआप लागणारे प्रकार. बटण नाही, खर्च कमी, पण डांबरी रस्त्यावर वळताना ठणठण आवाज, आणि ओल्या चिकणमातीच्या आडव्या उतारावर मागची बाजू खाली घसरते. रोज ऑफिसला जाणाऱ्या यूटला मी ते बसवणार नाही.

माझं मत विचाराल तर आधी चांगले टायर, मग हवेचा गेज, मग ट्रॅक्शन कंट्रोल कसं वागतं ते शिकणं. त्यानंतरही गाडी अडत असेल तर कुठलं चाक उचलतंय ते मित्राला बाहेर उभं करून बघायला सांगा. चाकं जमिनीवरच राहून नुसती घसरत असतील, म्हणजे तुमचं जाणं मुख्यतः ओली खडी, वाळू आणि ट्रेलर ओढणं एवढंच असेल, तर एलएसडी बरा. चाकं हवेत जात असतील तर लॉकरच हवा. मागे कंपनीचा आहे? मग पैसे पुढच्यावर घाला. काहीच नाही? मग मागून सुरुवात करा. दोन्ही लॉकर, कॉम्प्रेसर आणि मजुरी धरून बिल हजारो डॉलरमध्ये जातं. विमा कंपनीला कळवायला विसरू नका. भारतातली मंडळी विचारतात म्हणून सांगतो, तिथे 2022 पासून मिळणाऱ्या हायलक्सलाही मागचा लॉक आहे, आणि महिंद्रा थारच्या काही मॉडेलांत ईटन कंपनीचा आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक येतो.

परतताना टॅलबटव्हिलला मुक्काम करणार असाल तर क्रूकेड रिव्हर ट्रॅकवर नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते. चढावर तापलेला डिफ थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरची, म्हणजे डिफला हवा आत-बाहेर करू देणारी, नळी उंच नेलेली आहे ना, हे घरीच तपासा, आणि परत आल्यावर डिफचा प्लग उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला.