तुम्ही विचारलंत म्हणून: बर्फ नसताना स्कीइंगचं तंत्र

क्रॉस-कंट्री स्कीइंग करते म्हटलं की हमखास विचारलं जातं, ‘उन्हाळ्यात त्या चाकांच्या स्कीवर, म्हणजे रोलर स्कीवर, तंत्र खरंच घोटून घेता येतं का?’ येतं. पण सगळं नाही, आणि जे येत नाही ते क्लासिकमधलं, म्हणजे दोन्ही स्की समांतर ठेवून चालल्यासारखं पुढे सरकण्याच्या शैलीतलं, सगळ्यात नाजूक काम आहे: किक, एका पायाने मागे रेटा देणं.

बर्फावरच्या क्लासिक स्कीला मधोमध कमान असते आणि तिच्या तळाला पकडीचं वॅक्स लावलेलं असतं. एकाच पायावर पूर्ण वजन टाकून स्की दाबली तरच कमान सपाट होते, वॅक्स बर्फाला धरतं आणि रेटा देता येतो. ती वेळ अगदी थोडी असते. दोन्ही पाय शेजारी शेजारी येतात तेव्हाच दाबायचं. पाय मागे गेल्यावर दाबलंत तर स्की सटकलीच. रोलर स्कीच्या एका चाकात मात्र रॅचेट असतो. चाक पुढे फिरतं, उलटं फिरत नाही. त्यामुळे किक उशिरा मारा, अर्ध्या वजनाने मारा, पकड मिळतेच. चूक महिनोन्‌महिने मुरत जाते आणि तिचा पत्ता लागतो तो थेट बर्फ पडल्यावर.

म्हणून किकसाठी मी स्की काढून ठेवते. नेहमीपेक्षा थोडे आखूड पोल (हातातल्या काठ्या) घ्यायचे आणि चढावर लांब ढांगा टाकत, उसळत वर जायचं. कंबर मागे राहिली की ढांग लगेच आखडते. इथे रॅचेट नाही, सांभाळून घेणारं कुणी नाही.

डबल पोलिंगसाठी, म्हणजे दोन्ही पोल एकदम रोवून स्वतःला पुढे ढकलण्यासाठी, मात्र रोलर स्कीला तोड नाही. लोकांना वाटतं हे हातांचं काम आहे. खरं तर आधी टाचा हलक्या उचलून शरीर पुढे झुकवायचं, पोल रोवायचे आणि पोट आवळून अख्खं वजन त्यांवर सोडायचं. कोपरं या वेळी ढिली पडता कामा नयेत. हे जमलेले स्पर्धक क्लासिकच्या शर्यती पकडीचं वॅक्स न लावताच जिंकू लागले. लांब पोलने हे सोपं जातं, म्हणून अखेर २०१६-१७ च्या हंगामापासून एफआयएसने (आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने) क्लासिकमध्ये पोलची कमाल लांबी स्पर्धकाच्या उंचीच्या ८३ टक्क्यांवर आणून ठेवली. डांबरावर पोलची टोकं लवकर बोथट होतात आणि घसरू लागतात. ती वेळोवेळी घासून घ्या, नाहीतर खांदे आणि कोपरं दुखायला लागतील.

रोलर स्कीवरचं स्केटिंग, म्हणजे स्की तिरक्या ठेवून आलटून पालटून बाजूला रेटत जाण्याची दुसरी शैली, बर्फावरच्या अनुभवाच्या बरंच जवळ जातं. पोल न घेता, एका पायावर जमेल तितकं लांब तरंगायचं. नाक, गुडघा आणि पायाची बोटं एका रेषेत. चाकं मंदच घ्या, वेगवान चाकांवर ढिसाळपणा लपतो. बहुतेक रोलर स्कींना ब्रेक नसतो, तेव्हा हेल्मेट हवंच, आणि ज्या उताराचा शेवट दिसत नाही तिथे स्की काढून चालत उतरा.

बर्फ पडला की पहिले काही दिवस वेगाच्या मागे लागू नका. सपाट ट्रॅकवर पोल न घेता फक्त किक मारत राहा.