बाथमध्ये आईची आंघोळ

आईचं माहेर संगमेश्वरकडचं. लहानपणी ती राजवाडीच्या गरम कुंडात डुंबलेली. त्यामुळे माझ्याकडे इंग्लंडला यायचं ठरलं तेव्हाच तिनं बजावलं होतं, "लंडन नंतर. आधी ते गरम पाण्याचं गाव."

आमच्या रेडिंगहून रेल्वेनं तासाभरात बाथ. रोमन बाथ्सचं, म्हणजे रोमन लोकांनी बांधलेल्या जुन्या स्नानगृहाचं, तिकीट मी वेळ धरून ऑनलाइन काढलं होतं. आत गेलो तर समोर हिरवंगार कुंड, वर वाफा, भोवती खांब. आईनं पर्स माझ्या हातात दिली आणि सरळ मोजे काढायला वाकली.

"अगं आई, इथं उतरायचं नसतं!"

"मग एवढे पैसे कसले घेतले?"

उतरणं सोडाच, पाण्याला हातही लावायचा नाही. झऱ्यातून ४६ अंशांचं पाणी रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर येतं, आणि लोक नुसते काठावरून बघतात. तो हिरवा रंग शेवाळाचा. रोमन काळी कुंडावर छप्पर होतं, ऊन लागत नव्हतं. १९७८ मध्ये इथल्या पाण्यातल्या अमिबाच्या संसर्गानं एक मुलगी दगावली आणि गावातल्या आंघोळी बंद झाल्या, हे सांगितल्यावर आई गप्प झाली. पण रुसवा होताच.

तो गेला संग्रहालयातल्या शिशाच्या पत्र्यांपाशी. सुलिस मिनर्व्हा ही इथली देवी. चोरी झाली की लोक पत्र्यावर तक्रार कोरायचे, गुंडाळी करून झऱ्यात टाकायचे. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत. डोसिमेडिस नावाच्या कुणाचे दोन हातमोजे गेले, तर त्यानं चोराची बुद्धी आणि डोळे जावेत असं मागितलंय. दोन हातमोज्यांसाठी! आई हसत म्हणाली, "हे तर गाऱ्हाणंच. फक्त 'होय महाराजा' म्हणायला कुणी नाही."

शेवटी नळावर ते पाणी चाखायला मिळतं. तिनं तीर्थासारखं घेतलं आणि तोंड वाकडं केलं.

खरी आंघोळ करायची तर जवळच थर्मी बाथ स्पा आहे, २००६ पासून सुरू. तिथं दोन आठवड्यांनी पुन्हा गेलो, मुद्दाम मंगळवारी, कारण शनिवार-रविवारचा दर जास्त. सोळा वर्षांखालच्यांना घेत नाहीत, म्हणून माझी लेक तिच्या बाबांकडे राहिली. सगळ्यात मोठं संकट कपड्यांचं. पोहण्याचा पोशाख सक्तीचा आणि आई तो घालणं शक्यच नव्हतं. फोन करून विचारलं. पोहण्याच्या कापडाचे असतील तर अंगभर कपडेही चालतील म्हणाले. मग लांब बाह्या आणि घोट्यापर्यंत पँट असा जोड मागवला. टॉवेल, झगा, सपाता तिकिटातच मिळतात, हे मला माहीत नसल्यानं मी उगाच भलीमोठी पिशवी वाहिली.

मुख्य आकर्षण गच्चीवरचा हौद. पाऊस भुरभुरत होता, समोर ॲबेचा, म्हणजे तिथल्या जुन्या चर्चचा, मनोरा. आई गळ्याएवढ्या पाण्यात गेली, क्षणभर डोळे मिटले.

"कोमट आहे गं. राजवाडीला पाय भाजतो."

आंघोळीसाठी ते निववून ३३-३४ अंशांवर आणतात, मी सांगितलं. तिनं ऐकलं की नाही कोण जाणे. दोन तास संपत आले, बोटं सुरकुतली, तरी ती कोपऱ्यातल्या बुडबुड्यांपाशीच बसून होती.

"आणखी अर्धा तास घेतला तर किती पडतील, विचार बघू."