कोरं वर्ष आणि येळवस

2022 मध्ये आमचा येळवसेचा सण दोनदा आला. एकदा 2 जानेवारीला आणि पुन्हा 23 डिसेंबरला. 2023 मध्ये एकदाही आला नाही. 2024 मध्ये परत दोनदा, 11 जानेवारी आणि 30 डिसेंबर. गेल्या वर्षी 19 डिसेंबरला झाला, आणि हे 2026 पुन्हा कोरं. पुण्यात रजेचा अर्ज देताना हे सगळं समजावून सांगायला मला दरवेळी दहा मिनिटं लागतात. सण मार्गशीर्ष अमावास्येचा. ती कधी डिसेंबरात पडते, कधी जानेवारीत. यंदा अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे ती सरकून थेट 7 जानेवारी 2027 ला गेली आहे.

पंचांगात नि पेपरात तिला वेळा अमावास्या म्हणतात. आम्ही म्हणतो येळवस. माझं माहेर औसा तालुक्यात. लातूर, धाराशिव, सोलापूरचा थोडा भाग आणि सीमेपलीकडे बीदर, कलबुर्गी, एवढ्या पट्ट्यात हा सण दिवाळीच्या तोलाचा. पुण्यात मात्र लग्न होऊन आल्यावर पहिला प्रश्न ठरलेला होता, "अमावास्येला कसला गं सण?" आता मी लगेच सांगते, लक्ष्मीपूजनही अमावास्येलाच असतं आणि पोळाही.

महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांना वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. लातूरला त्यातली एक येळवसेसाठी राखलेली असते. बँका आणि केंद्र सरकारची कार्यालयं सोडली तर जिल्हा बंद. सोळा रस्ते जिथे एकत्र येतात त्या गंजगोलाईत एरवी पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी सकाळी दहा वाजता तिथून तुम्ही डोळे मिटून चालत जाल. सगळं शहर रानात गेलेलं असतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, आणि ज्याला नाही त्याला चार ठिकाणची आवतनं. डॉक्टर, मास्तर, रिक्षावाले, भाड्यानं राहणारी शिकाऊ पोरं, सगळ्यांना कुणी ना कुणी बोलावलेलं असतं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा "या, आंबील पिऊन जा" म्हणून हाक मारायची, हा आमच्याकडे रिवाज आहे. नाही म्हटलेलं चालत नाही.

आमच्या घरी तयारी आदल्या दिवशी दुपारपासून सुरू व्हायची, आणि तीही शेंगा सोलण्यापासून. तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा आणि हरभऱ्याचे घाटे. हिरव्या हरभऱ्यावर आंब असते. दोन पायल्या घाटे सोलले की बोटं आंबट होतात, आणि नखाजवळ कुठे चिरलं असेल तर अशी चुरचुरतात की पोरं रडकुंडीला येतात. आई म्हणायची, बोटं चाटा. आम्ही चाटायचो, आणि खरंच बरं वाटायचं. ती चव मला अजून आठवते, थोडी खारट, थोडी लिंबासारखी.

हे सगळे दाणे भज्जीत जातात. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे दाणे, भिजवलेले शेंगदाणे, मेथी, पालक, चुका, चाकवत, कांद्याची पात, गाजर, असतील तर बोरं. दाणे आधी उकडून घ्यायचे, पालेभाज्या नंतर घालायच्या. आंबट ताकात बेसन कालवून त्यात सोडायचं, चिंचेचा कोळ घालायचा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. वरून करडईच्या तेलात भरपूर लसणाची फोडणी. आई ती चुलीवर मोठ्या पातेल्यात करायची आणि लाकडी डावानं तळापासून हलवत राहायची, कारण बेसन लागलं की पातेलंभर भज्जीला वास येतो. भज्जीत किती भाज्या याचा आकडा प्रत्येक घरी वेगळा सांगतात. आई मोजायची नाही. "रानात जेवढं उगवलंय तेवढं," एवढंच तिचं उत्तर.

सोबत बाजरीचे उंडे. पीठ गरम पाण्यात मळून, जिरं-मीठ घालून मुठीएवढे गोळे करायचे आणि पातेल्यात तळाशी तुराट्या आडव्या-उभ्या मांडून त्यावर वाफवायचे. भाकरी, तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, गव्हाची खीर. आणि या सगळ्यांवर आंबील. ज्वारीचं पीठ आदल्या दिवशी आंबवून, शिजवून, गार करून त्यात ताक, लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर. मातीच्या डेऱ्यातली आंबील उन्हात बसून प्यायली की डोळे जड होतात. दुपारी दोननंतर आमच्या रानात बोरीखाली माणसं ओळीनं झोपलेली असायची.

रानात पोचल्यावर पहिलं काम पूजेचं. पिकाच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी केलेली असते. आमच्या कोपीवर आईचं एक हिरवं लुगडं पांघरायचं. आत पाच दगड, चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेचे ठिपके. हे पांडव. अण्णा, म्हणजे माझे वडील, ते दगड वर्षभर बांधावरच्या लिंबाच्या बुंध्याशी ठेवायचे आणि येळवसेच्या आदल्या संध्याकाळी जाऊन धुऊन, रंगवून ठेवायचे. पांडवांना आणि लक्ष्मीला नैवेद्य झाला की चर शिंपायचा.

माझ्यासाठी येळवस म्हणजे चर. अण्णा पुढे, हातात आंबिलीचं बिंदगं, म्हणजे छोटी घागर. त्यात डहाळा बुडवून पिकावर शिंपडत निघायचे. मागे भाऊ भज्जी-भाकरीचे तुकडे टाकत. त्याच्या मागे मी, पाण्याचा तांब्या घेऊन. "ओलगे ओलगे सालम पोलगे" असं ओरडत शेताच्या चारी बाजूंनी फिरायचं. गावागणिक याचे उच्चार बदलतात, पण आरोळी हीच. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर असायची. पानांच्या कडा गालाला लागायच्या आणि अण्णा दिसेनासे व्हायचे, मग त्यांच्या आवाजाच्या मागानं चालायचं. चौथ्या कोपऱ्यावर अण्णा बिंदग्यातली उरलेली आंबील हळूच जमिनीवर ओतायचे. काळ्या भेगाळलेल्या मातीत ती क्षणात मुरायची. मग जोडे न घालता तिथे उभं राहायचं आणि हात जोडायचे. तोंडानं काही मागायचं नाही.

लोक याला सुगीचा सण म्हणतात, आणि तिथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. सुगी अजून व्हायची असते. मार्गशीर्ष अमावास्येला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निसवलेला किंवा हुरड्यावर आलेला असतो, हरभरा घाट्यात, गहू हिरवा, करडई काटे धरून उभी. दाणा घरात आलेला नाही. पाऊस, गारा, चिकटा, भाव, सगळं अजून बाकी आहे. म्हणजे रानानं दिलं म्हणून आपण त्याला जेवू घालतो असं नाही. पोटुशी लेक माहेरी आली की तिला जसं आवडीचं करून घालतात तसं हे जेवण आहे. माझी आई हेच म्हणायची, आणि ते म्हणताना तिच्या बोलण्यात कुठेही उपमा दिल्याचा आव नसायचा. तिच्या लेखी रान पोटुशी होतंच.

हे मला नीट कळलं जानेवारी 2016 मध्ये. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. पुढे एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ. आमच्या रानात काहीही उभं नव्हतं. ज्वारी उगवून वीतभर होऊन वाळली होती. हरभरा पेरलाच नव्हता. मी सुट्टी काढून गेले तेव्हा वाटलं होतं, यंदा घरीच नैवेद्य दाखवतील. पण अण्णांनी कोप घातली होती. कडबासुद्धा विकतचा, कारण घरचा कधीच संपला होता. भज्जीचं सामान आईनं औशाच्या बाजारातून आणलं, वाटाणे परगावचे, घाटे मिळालेच नाहीत. भाऊ चिडला. पिकाविना कशाचा चर, म्हणाला. अण्णा कोपीचा दोर आवळत होते, ते वळलेसुद्धा नाहीत. "पिकलं नाही म्हणून मायला जेवू घालायचं नाही का? उपाशी माणसालाच जेवू घालतेत."

आम्ही त्या उघड्या रानातून फिरलो. आरोळी दिली. त्या वर्षी अण्णा कुठेच दिसेनासे झाले नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची पाठ दिसत होती. चौथ्या कोपऱ्यावर आंबील ओतली तेव्हा धूळ उडाली.

आता अण्णा नाहीत. भाऊ चर शिंपतो, आणि एकही वर्ष चुकवत नाही.

2022 च्या डिसेंबरात मला रजा मिळाली नाही. तेव्हाच्या नोकरीत वरिष्ठांनी यादी दाखवली आणि हा सण यादीत नाही म्हणून विषय संपवला. मला फार लागलं ते. संध्याकाळी घरी येऊन रडले. मग नवराच म्हणाला, "रान नाही, पण गच्ची आहे की." त्या रविवारी आम्ही वारज्यातल्या एका गोठ्यातून कडब्याच्या पाच पेंढ्या आणल्या. मुलीनं मुठेकाठचे पाच दगड रंगवले. सोसायटीच्या गच्चीवर माझ्या कुंड्यांच्या मधोमध कोप उभी राहिली.

पेंढ्या वर नेताना आमचे वॉचमनकाका थांबले. बघत राहिले. मग म्हणाले, "एळ्ळ अमावास्या?" काका भालकी तालुक्यातले, बीदर जिल्हा. तीन वर्षं रोज गेटवर भेटत होतो आणि एकमेकांचं गाव विचारलं नव्हतं. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. म्हणजे ही तिळाची अमावास्या, आणि आमच्या ताटातली तिळाची पोळी कुठून आली ते मला चाळिशी ओलांडल्यावर गेटपाशी कळलं. चर शिंपण्याला ते चरगा म्हणतात. भज्जी तीच, आंबील तीच. 1956 पर्यंत आमचे दोन्ही भाग एकाच हैदराबाद राज्यात होते. राज्यं वेगळी झाली, पण चूल एकच राहिली. काकांनी त्या दिवशी गच्चीवर जेवताना पहिला घास बाजूला काढला आणि तो जेवण झाल्यावर कढीपत्त्याच्या कुंडीत ठेवला.

तेव्हापासून रजा मिळाली तर मी गावी जाते, नाहीतर गच्चीवर करते. तुम्हालाही करायची असेल तर शेताची अट नाही. एक कुंडीसुद्धा पुरते, फक्त त्यात काहीतरी जिवंत उगवत असावं, प्लास्टिकचं नको. आंबिलीचं पीठ आदल्या दिवशी भिजवायला विसरू नका. ऐन वेळी ताकात पीठ कालवून केलेली आंबील कच्ची लागते. डिसेंबरात पुण्याच्या मंडईत तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा मिळतात, हरभऱ्याच्या जुड्याही. शेंगा सोललेल्या घेऊ नका, मुलांना सोलू द्या. आणि जेवायला कुणाला तरी बोलवा, शक्यतो ज्याला तुम्ही आजवर जेवायला बोलावलेलं नाही अशाला. हे मी आग्रहानं सांगते, कारण घरच्या चौघांत केलेली येळवस मी एकदा करून पाहिली आहे. ताटात सगळं होतं, पण ती येळवस झाली नाही.

संध्याकाळी रानात छोट्या मातीच्या बोळक्यात दूध उतू घालवतात. ज्या दिशेला उतू जाईल तिकडे पीकपाणी चांगलं, असं मानतात. अंधार पडला की कडब्याचा पलिता पेटवून पिकाभोवती धावायचं, त्याला हेंडगा म्हणतात. गच्चीवर हेंडगा पेटवू नका, शेजारी घाबरतात आणि ते बरोबरच आहे. दूध मात्र उतू घालवता येतं. आमचं गेल्या वर्षी पूर्वेला गेलं, लातूरच्या बाजूला. मी लगेच भावाला फोन केला. तो रानातच होता. त्याचंही पूर्वेला गेलं होतं, तो म्हणाला, बीदरकडे. काकांना सांगितलं तर त्यांनी लगेच घरी फोन लावला.

या कोऱ्या वर्षात मी ऑक्टोबरची वाट बघते आहे. रंगाच्या चार रिकाम्या बादल्यांना तळाशी भोकं पाडून ठेवली आहेत. भाऊ मालदांडी ज्वारीचं मूठभर बी पाठवणार आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरलं तर 7 जानेवारीला कणसं बाहेर आलेली असतील. तो गुरुवार आहे. लातूर-बीदरकडचं कुणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना आत्ताच सांगून ठेवा, की त्या दिवशी आम्ही तुमच्या रानात येतोय. ते तारीख पुन्हा विचारणार नाहीत, फक्त किती माणसं तेवढं विचारतील.